सार्स २००३ : पेशंट बरे होऊन घरी गेले, पुढं काय झालं?

पार्कचौक_मेडिकल
मंडळी, माझं मेडिकलचं दुकान आहे. उन्हाळ्यात दुपारी एक ते पाच सोलापुरात गिऱ्हाईक काय कुत्रं पण रस्त्यावर दिसत नाही, त्या वेळात मी मोबाईलवर मिळतील ते रिसर्च पेपर वाचत बसतो, कळतं तेवढं कळतं. सध्या २००३ चा सार्स, म्हणजे कोरोना घराण्यातल्या व्हायरसचा तो न्यूमोनियासारखा आजार, चालू आहे. बऱ्याच जणांना आठवत पण नसेल, तेव्हा टीव्हीवर मास्क लावलेली हाँगकाँगची माणसं दाखवायचे आणि आपण म्हणायचो हे तिकडचं आहे. खरंच तिकडचं राहिलं, जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात भारताच्या नावावर ३ केस आणि मृत्यू शून्य. सगळं जग मिळून ८,०९६ केस आणि ७७४ मृत्यू. नोव्हेंबर २००२ ला चीनच्या ग्वांगडाँग प्रांतात सुरू झालं आणि ५ जुलै २००३ ला साखळी तुटली म्हणून जाहीर पण झालं.

मला नवल वाटलं ते पुढच्याचं. एवढ्याशा साथीवर लोकांनी पंधरा पंधरा वर्षं काम केलंय. बीजिंगच्या एका विद्यापीठाच्या हॉस्पिटलात स्टाफच आजारी पडला होता, त्यातल्या ७१ जणांना २००३ पासून २०१८ पर्यंत परत परत बोलावून सीटी, एमआरआय, फुफ्फुसाची चाचणी सगळं केलं. निघालं काय, तर फुफ्फुसातले डाग बहुतेकांचे पहिल्या वर्षभरात कमी झाले आणि मग तसेच राहिले, पण खुब्याचं दुखणं मागं लागलं. खुब्याच्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि हाड आतून मरतं, एव्हीएन म्हणतात त्याला. त्याचं मोठं कारण म्हणजे तेव्हा जीव वाचवायला दिलेली भरमसाठ स्टिरॉइड.

हे वाचलं आणि दुकानात येणारे काही जण आठवले. कोविडनंतर खुबा दुखतो, मांडी दुखते, जांघेत कळ येते म्हणून पेनकिलर मागणारे, आणि म्हातारे नाहीत, तरणी माणसं. विचारलं की सांगतात ॲडमिट होतो, ऑक्सिजन लावला होता. त्यांना परत कुणी बोलावलं का? माझ्या ओळखीत तरी एकालाही फोन आल्याचं ऐकलं नाही. तुमच्यात कुणाला आला असेल तर सांगा, मला बरंच वाटेल.

हुरडा_पार्टी
काय बे मालक, दुपारी झोपायचं सोडून सार्स वाचायलास 😀 एक शंका आहे, सार्स आठ महिन्यात गुंडाळला मग कोविडला काय झालं होतं? दोन्ही एकाच घराण्यातले म्हणतात ना?

पार्कचौक_मेडिकल
घराणं एकच, चाल वेगळी. हाँगकाँगच्या ७५ पेशंटचा अभ्यास २००३ लाच लॅन्सेट नावाच्या वैद्यकीय नियतकालिकात आला होता, त्यात नाकाघशातला व्हायरस साधारण दहाव्या दिवशी सगळ्यात जास्त सापडला. दहाव्या दिवशी माणूस कुठं असतो, ताप येऊन धाप लागून हॉस्पिटलात पडलेला असतो. त्यामुळं तापवाला शोधा, वेगळा ठेवा, त्याच्या संपर्कातले घरी बसवा एवढ्यावर भागलं, लस नाही काय नाही. कोविडचा माणूस अंगात ताप नसताना, लग्नात पंगतीला बसून, सगळ्यांना वाटून मोकळा व्हायचा.

सिस्टर_सातरस्ता
हॉस्पिटलात पडलेला असतो म्हणून भागलं, असं लिहिलंत दादा, पण मग ते कुणाच्या अंगावर गेलं ते पण लिहा. त्या ८,०९६ मधले १,७०६ आरोग्य कर्मचारी होते. पाचात एक. नर्सेस, वॉर्डबॉय, डॉक्टर, टेक्निशियन.

डॉ. कार्लो उर्बानींचं नाव इथं कुणीतरी घ्यायलाच पाहिजे. हनोईला जागतिक आरोग्य संघटनेत होते, तिथल्या हॉस्पिटलने एक विचित्र न्यूमोनियाचा पेशंट बघायला बोलावलं आणि हा साधा फ्लू नाही हे त्यांनी लवकर ओळखलं, वर कळवलं, स्टाफला जपायला शिकवलं. स्वतः २९ मार्च २००३ ला बँकॉकला सार्सनेच गेले. व्हिएतनाम साखळी तोडणारा पहिला देश ठरला, २८ एप्रिलला, ते बघायला ते राहिले नाहीत.

आणि बरं झालेल्यांचं मन, त्यावर पण काम झालंय. हाँगकाँगला चार वर्षांनी २३३ जणांना तपासलं तर ४० टक्क्यांच्या वर लोकांना तेव्हाही काही ना काही मानसिक आजार होता, आणि जवळपास तेवढ्याच लोकांना न जाणारा थकवा. टोरांटोला पण असा एक लहान गट अभ्यासलाय, बहुतेक सगळे हॉस्पिटलात काम करणारेच, अंगदुखी, झोप नाही, थकवा, जुन्या कामावर परत जाता आलं नाही. २०२० ला मी कोविड वॉर्डात होते. नंतर कितीतरी महिने मला जिना चढताना मधे थांबावं लागायचं आणि सगळे म्हणायचे सिस्टर वजन वाढलंय तुमचं. माझ्यासारखीच दुसऱ्या देशातली नर्स एका अभ्यासात टक्केवारी होऊन का होईना आहे हे वाचून रडूच आलं मला.

आकडेमोड
धागा चांगला आहे, फक्त मास्तरकी करतो थोडी, सवय आहे. सिस्टर तुम्ही म्हणता तो २३३ चा अभ्यास मी पण वाचलाय, मूळ ३६९ जण होते आणि त्यातले २३३ आले. जे आले नाहीत ते ठणठणीत असतील म्हणून आले नसतील किंवा इतके खचलेले असतील की घराबाहेर पडले नसतील, आपल्याला माहीत नाही. म्हणून ४० टक्के हा आकडा सगळ्या सार्सवाल्यांना लावता येत नाही. ७१ जणांचा बीजिंगचा अभ्यास तर सगळा एकाच हॉस्पिटलच्या स्टाफचा, म्हणजे साधारण तरुण, कमावती माणसं, औषधं एका पद्धतीनं दिलेली. तरी किंमत कमी होत नाही, कारण तीच माणसं पंधरा वर्षं मोजली. दर वर्षी नवी माणसं मोजली असती तर काहीच कळलं नसतं.

अजून एक गंमत, मृत्युदर. एप्रिल २००३ मध्ये सगळे म्हणत होते ४ टक्के. मे मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं तो १४ ते १५ टक्के केला आणि लोक घाबरले की व्हायरस बदलला. व्हायरस बदलला नव्हता. आधी मृत्यू भागिले एकूण केस करत होते आणि त्या केसमधले निम्मे अजून खाटेवर होते, ते जगणार का मरणार हे ठरायचं होतं. शेवटी ७७४ भागिले ८,०९६ म्हणजे साडेनऊच्या वर. ६५ च्या पुढच्या माणसांत तर निम्म्याहून जास्त गेले. २०२० च्या एप्रिल मे मध्ये आपल्याकडे रोज संध्याकाळी जे टक्के सांगायचे त्यात पण हीच भानगड होती, मी वर्गात पोरांना हे उदाहरण देतो.

शंकासुर
चीनचे आकडे तुम्ही खरे धरून चाललात हेच मुळात विनोदी आहे.

आकडेमोड
शंकासुर, तिथल्याच डॉक्टरनं ते उघडं पाडलंय. जियांग यानयाँग म्हणून लष्करी हॉस्पिटलचे निवृत्त सर्जन होते, सरकार म्हणत होतं बीजिंगमध्ये १२ केस, त्यांनी पत्र लिहिलं की एका लष्करी हॉस्पिटलातच साठ आहेत. २० एप्रिल २००३ ला बीजिंगचा आकडा ३७ वरून एकदम ३३९ झाला, आरोग्यमंत्री आणि महापौर दोघं घरी गेले. लपवालपवी झालीच. पण हाँगकाँग, सिंगापूर, टोरांटोची माहिती वेगळ्या लोकांनी गोळा केलीय आणि ती एकमेकांशी जुळते. हाडाचं म्हणाल तर एमआरआय खोटं बोलत नाही.

शंकासुर
बरं. मग स्टिरॉइडनं माणसं लंगडी केली हे तरी मान्य करा सगळ्यांनी. डॉक्टरांनी केलं हे.

विटसिमेंट
भांडण नंतर करा रे. मी सिव्हिल इंजिनियर, मला यातलं एकच प्रकरण माहिती आहे आणि ते आमच्या धंद्यातलं आहे म्हणून सांगतो. हाँगकाँगला अमॉय गार्डन्स म्हणून टॉवर आहेत. मार्च २००३ ला एक आजारी माणूस तिथं एका फ्लॅटवर राहून गेला, त्याला जुलाब होत होते. त्यानंतर त्या वसाहतीत ३०० च्या वर लोक आजारी पडले, ४२ गेले. सगळ्यात जास्त ई ब्लॉकमध्ये. लोक म्हणायला लागले लिफ्टमधनं पसरलं, उंदरानं पसरलं.

तपासात निघालं बाथरूमचा नहाणी ट्रॅप, म्हणजे जमिनीवरच्या जाळीखालचं पाईपाचं वळण. ट्रॅपमध्ये पाणी उभं असतं ते कशासाठी, खालच्या ड्रेनेजची हवा वर येऊ नये म्हणून. त्या लोकांच्या बाथरूमच्या जमिनीवर पाणी पडायचंच नाही, पुसून घ्यायचे, त्यामुळं ट्रॅप कोरडे. वरनं एक्झॉस्ट फॅन लावला की पाईपातली घाण हवा बाथरूममध्ये ओढली जायची. नंतर काही संशोधकांनी हवेचं गणित मांडून दाखवलं की ती हवा फ्लॅटांच्या मधल्या डक्टमधनं वर चढत गेली असणार, कुठल्या मजल्यावर जास्त केस आल्या ते त्याच्याशी जुळत होतं.

आता आपल्याकडं बघा, नळाला पाणी काही काही दिवसांआड, उजनी धरण भरलेलं असो नाहीतर रिकामं. लोक बाथरूममध्ये पाणी जपून वापरतात, आणि बंद पडलेले फ्लॅट तर विचारूच नका, पोरगा पुण्याला, म्हातारा म्हातारी त्याच्याकडे, फ्लॅट सहा महिने बंद. कुठल्याही जुन्या अपार्टमेंटमध्ये जावा, वास येतो तो त्याचाच. गावाला जाताना ट्रॅपमध्ये तांब्याभर पाणी आणि वर चमचाभर गोडंतेल टाकून जावा, तेलामुळं पाणी लवकर उडत नाही. मी प्रत्येक गिऱ्हाईकाला सांगतो, कोणी ऐकत नाही.

हुरडा_पार्टी
अण्णा हे भारी होतं. आमच्या बिल्डिंगचा वास म्हणजे रिसर्चचा विषय आहे हे आत्ता कळलं 😂

चादरगल्ली
मालक तुमचा धागा वाचला आणि रात्री झोप लागंना. आमच्या चुलत्याचं सेम झालंय बगा. यंत्रमागाचा कारखाना हाय आमचा, चुलता स्वतः उभा राहून बघायचा सगळं. २०२१ च्या एप्रिलात ॲडमिट, बेड मिळायला किती फिरलो ते आता सांगत बसत नाही, एका खासगी दवाखान्यात मिळाला शेवटी. जगला. दिवाळीनंतर लंगडायला लागला. आधी म्हणले कंबरेची नस, मग म्हणले संधिवात, एक्सरे काढला तर म्हणले काहीच नाही, मालिश करा. वर्षभर मालिश केली. मग पुण्याला एमआरआय केल्यावर कळलं दोन्ही खुबे गेलेत. एकाचं ऑपरेशन झालं, बॉल बसवला, दुसऱ्याचं बघायचंय. शंकासुर म्हणतात तसं डॉक्टरनं केलं का हे? मला पण राग येतो कधी कधी पण तेव्हा तोच डॉक्टर रात्री तीनला फोन उचलायचा.

पार्कचौक_मेडिकल
चादरगल्ली, वाईट वाटलं वाचून. चुलत्यांना माझा नमस्कार सांगा.

आता शंकासुरांना आणि सगळ्यांना, यात एक गोष्ट नीट लावून घेऊ कारण माझ्या काउंटरवर पण लोक दोन्ही टोकांनी बोलतात. २००३ ला काय देतोय याचा कुणालाच पत्ता नव्हता, माणूस डोळ्यादेखत गुदमरायचा, मग मिथाइलप्रेडनिसोलोन या स्टिरॉइडचे मोठे मोठे डोस, काही ठिकाणी दिवसाला ५०० मिलिग्रॅम. २००६ ला त्या सगळ्या उपचारांचा आढावा निघाला, त्यात स्टिरॉइडचा फायदा झाला असं ठामपणे म्हणता येईना आणि काही अभ्यासांत नुकसान दिसलं. म्हणजे साथ चालू असताना औषध दिलं पण नीट तुलना कुणी केली नाही, म्हणून तीन वर्षांनी पण उत्तर नाही.

कोविडला इंग्लंडमध्ये ती तुलना केली, रिकव्हरी ट्रायल. जून २०२० ला निकाल आला. डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड दिवसाला फक्त ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त दहा दिवस. व्हेंटिलेटरवरच्यांचे मृत्यू साधारण एक तृतीयांशानं कमी, ऑक्सिजनवरच्यांचे एक पंचमांशानं कमी. आणि ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना फायदा शून्य. म्हणजे औषध चांगलंच आहे, माप आणि वेळ चुकली की वाट लागते. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत माझ्याकडे लोक व्हॉट्सॲपवर आलेला चिठ्ठीचा फोटो घेऊन यायचे, दुसऱ्याच्या नावाची चिठ्ठी, त्यावर डेक्सा, ॲझिथ्रो, आयव्हरमेक्टिन, सगळा मसाला. साधा ताप आणि ऑक्सिजन ९८. मी नाही म्हणलं की शिव्या देऊन पुढच्या दुकानात. त्यातले किती आज लंगडतात कुणास ठाऊक, कारण ते कुठल्याच नोंदीत नाहीत, डॉक्टरकडं गेलेच नव्हते.

मुंबईत हिंदुजा हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी २०२१ लाच तीन पेशंट छापले, कोविडनंतरचे एव्हीएन. त्यांना मिळालेलं स्टिरॉइड एकूण सरासरी ७५८ मिलिग्रॅम, प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडच्या हिशोबात, आणि दुखणं कोविड झाल्यावर सरासरी ५८ दिवसांत सुरू. आधीच्या अभ्यासांतला ठोकताळा होता साधारण २,००० मिलिग्रॅम आणि सहा महिने ते वर्ष. म्हणजे कमी डोसात आणि लवकर. तीनच पेशंट आहेत, आकडेमोड सर लगेच म्हणतील तीनावरून काय सिद्ध होतं.

आकडेमोड
तीनावरून सिद्ध काही होत नाही पण शोधायला कुठं जायचं ते कळतं. आणि सार्सचे पेपर आधीच लिहून ठेवलेले असले की असं सुचायला सोपं जातं, नाहीतर कंबरेची नस म्हणून सोडून दिलं जातं.

पूर्वभाग
मी बऱ्याच दिवसांनी लिहितेय. आमच्या आईनं आयुष्यभर विड्या वळल्या, आमच्या गल्लीत अजून दहातल्या निम्म्या घरात सूप मांडीवर घेऊन बसलेल्या बायका दिसतील. तंबाखूची धूळ, यंत्रमागाच्या घरात रुईचा भुगा, एका खोलीत सहा माणसं, त्यात २०२० ला कारखाना बंद, विडीचं पान मिळेना, मजुरी नाही. बीजिंगचे लोक म्हणतात फुफ्फुस वर्षभरात सुधारलं, पण ते हॉस्पिटलचा स्टाफ होते ना. ज्या बाईचं फुफ्फुस आधीच तंबाखूनं भरलंय तिचं कोविडनंतर किती सुधारलं? हे कुणी हाँगकाँगला बसून सांगू शकणार नाही, इथंच मोजावं लागेल. आईला अजून खोकला आहे. कोविडचा का विडीचा, डॉक्टर म्हणतात दोन्हीचा असेल, गोळ्या घ्या.

आणि आमच्याकडच्या बायका खुबा दुखतो म्हणून दवाखान्यात जातच नाहीत. मांडी घालून दिवसभर बसणाऱ्या बाईला खुबा दुखला तर तिला वाटतं हे असंच असतं.

सिस्टर_सातरस्ता
अक्का एकदम बरोबर. हे मी इथल्या मेडिकल कॉलेजच्या पीजीच्या पोरांना दाखवणार आहे, दर वर्षी थिसिसचा विषय शोधत हिंडत असतात. जुने ॲडमिशनचे रजिस्टर, विडी कामगारांची यादी, एक साधी फुंकर मारायची चाचणी. एमआरआय सगळ्यांचे नाही परवडणार पण पाय आत वळवून बघायला काय पैसे लागत नाहीत, एव्हीएनमध्ये बहुतेकदा तोच आधी अडतो.

शंकासुर
पण सार्स संपल्यावर ते सगळं संशोधन कोणी वापरलं का? की पेपर छापले, प्रमोशन मिळाली, संपलं?

आकडेमोड
या वेळी शंका रास्त आहे. २००४ नंतर सार्सचा पैसा आटला. अमेरिकेत टेक्सासला एका गटाने सार्सची लस बनवून ठेवली होती, २०१६ च्या सुमाराला माणसांवर चाचणी करायला पैसे मागत फिरले, कोणी दिले नाहीत, आजारच नाही म्हणून. कोविड आल्यावर तेच तंत्र काढलं आणि हैदराबादच्या बायोलॉजिकल ई कंपनीसोबत कोर्बेव्हॅक्स झाली. मार्च २०२२ पासून आपल्याकडं १२ ते १४ वर्षांच्या पोरांना शाळाशाळांत दिली ती हीच. माझ्या मुलीनं पण घेतली. सिंगापूरला तर १७ वर्षांपूर्वी सार्स झालेल्या २३ लोकांचं रक्त २०२० ला तपासलं, त्यांच्या टी पेशी, म्हणजे रक्तातल्या व्हायरसशी लढणाऱ्या पेशी, अजून तो व्हायरस ओळखत होत्या, आणि नव्या कोविडला पण थोडंफार ओळखत होत्या. तेवढ्या वर्षांनी ती २३ माणसं सापडली याचंच मला जास्त कौतुक आहे. आपल्याकडं पत्ता बदलला की माणूस रेशनकार्डावरून पण गायब होतो.

हुरडा_पार्टी
डॉ. कोटणीस आपल्या गावचे, १९३८ ला चीनला गेले आणि तिथंच राहिले, १९४२ ला वारले पण तिथंच. त्यांचं स्मारक आहे सोलापुरात, शाळेच्या ट्रिपला नेलं होतं तेव्हा मी बाहेर भेळ खाल्ली होती. आता जातो एकदा. धाग्याशी संबंध नाही पण चीन चीन ऐकून आठवलं.

विटसिमेंट
संबंध आहे बे, जा तू.

चादरगल्ली
मालक, आज चुलत्याची फाईल काढली कपाटातनं. डिस्चार्ज कार्डावर लिहिलंय मिथाइलप्रेड ४० मिलिग्रॅम दिवसातनं दोनदा, सात दिवस, आणि घरी जाताना गोळ्या कमी कमी करत दहा दिवस, पण त्या किती मिलिग्रॅमच्या ते अक्षर लागंना. हे जास्त होतं का कमी?

पार्कचौक_मेडिकल
४० दोनदा म्हणजे दिवसाला ८०, सात दिवसांचे ५६०. मिथाइलप्रेडचे ४ म्हणजे प्रेडनिसोलोनचे ५, तर ७०० झाले, आणि घरच्या गोळ्या धरल्या तर हिंदुजाच्या त्या सरासरीच्या बहुतेक पुढं जाईल. जास्त का कमी हे मी म्हणणार नाही, त्या वेळी त्यांचा ऑक्सिजन किती होता ते माहीत नसताना बोलणं बरोबर नाही. कार्डाचा फोटो मला पाठवा, गोळीचं अक्षर मी लावून देतो, डॉक्टरांचं अक्षर वाचण्यातच जन्म गेलाय. दुसऱ्या खुब्यासाठी दाखवायला जाल तेव्हा हा आकडा ऑर्थोच्या डॉक्टरांना स्वतःहून सांगा. आणि घरात त्याच वेळी अजून कोणी ॲडमिट असेल आणि जांघेत दुखत असेल तर नुसत्या एक्सरेवर थांबू नका, सुरवातीला एक्सरेत दिसत नाही. एमआरआय करायला सांगितला तर दोन्ही बाजूंचा करा, एकच दुखत असलं तरी.

चादरगल्ली
चुलती पण होती ॲडमिट. तिला पायऱ्या चढताना दुखतंय म्हणते, आम्ही वयामुळं समजत होतो.

सिस्टर_सातरस्ता
काकूंना याच आठवड्यात घेऊन जावा. त्यांचं डिस्चार्ज कार्ड वेगळं असेल ते शोधा, आणि जाताना झेरॉक्स न्या, मूळ कागद कुठंच देऊन येऊ नका.